लॅपटॉपची गवसणी

झाशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला घोडा आणि तलवार आठवते. मला कूलर आठवतो. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या लावलेला, ओल्या गवताचा वास येणारा, आणि इतका आवाज करणारा की त्याच्यासमोर बसून साधं बोलणंही भांडल्यासारखं वाटे. बंगळूरला लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत मी मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या साहेबांनी माझं गाव वाचलं आणि हसून म्हणाले, झाशीच्या मुलीला उष्णता शिकवायची गरज नाही. नोकरी उष्णतेचीच होती. यंत्राच्या पोटात जी गरमी तयार होते ती बाहेर कशी काढायची, एवढंच माझं काम. त्याआधी मी झाशीजवळच्या बिजौलीतल्या एका लहान कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या गार कशा राहतील ते बघत होते. तिथे टाकी थोडी मोठी केली तरी कुणाची हरकत नसे. इथे मात्र सगळ्यांना सगळं पातळ हवं होतं.

आमच्या ऑफिसात रोज तेच भांडण चाले. एका टोळीला यंत्र पातळ हवं, दुसरीला वेगवान हवं, आणि तिसरी म्हणे की कडेला वायरी लावायच्या जागा भरपूर हव्यात. तिन्ही एका वेळी मिळत नाहीत. वेग वाढवला की गरमी वाढते, गरमी घालवायला पंखा लागतो, पंख्याला जाडी लागते. इंटरनेटच्या वायरीचं तोंडच आमच्या अख्ख्या यंत्रापेक्षा जाड. मग ते पहिलं जायचं. त्याच्यामागून हेडफोनचं, त्याच्यामागून मोठ्या पेनड्राइव्हचं. शेवटी कडेला दोन बारीक फटी उरत, त्यातली एक चार्जरला, आणि उरलेल्या एकीत ग्राहकाने काय तो संसार करायचा.

ज्या यंत्राबद्दल सांगते आहे त्यातून आम्ही पंखाही काढला होता. पंखा गेला म्हणजे आवाज गेला, आत शिरणारी धूळ गेली आणि जाडीही गेली. सगळी उष्णता तळाच्या पत्र्यातून पसरून हवेत जाईल अशी रचना होती. त्या पत्र्याचं गणित माझं. यंत्र फारच तापलं तर जळू नये म्हणून ते आपणहून हळू चालू लागे, तेही आम्हीच ठरवलेलं. मला त्या पत्र्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, उगाच नम्रपणाचा आव आणत नाही.

पहिल्या मालातलं एक यंत्र मी दिवाळीला घरी नेलं. ते बाबांसाठी होतं.

बाबा रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. आमचे पूर्वज कधी काळी मराठ्यांच्या कारभारासाठी इकडे आले आणि परतायचं विसरले. तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असा आमचा व्यवहार. बाबांच्या पिढीपर्यंत तो जमला. आमच्या पिढीत मराठीला हिंदीची फोडणी बसली, आणि आमच्या मागची पोरं मराठी ऐकतात, समजतात, हसतात योग्य जागी, पण उत्तर हिंदीत देतात. बाबांना ते लागायचं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी दर रविवारी दुपारी लॅपटॉपवर एक वर्ग सुरू केला. आमच्यासारख्याच घरांतली ग्वाल्हेर, भोपाळ, लखनौला पांगलेली पोरं त्यात येत. आणि कानपूरची माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी.

वर्गाची सुरुवात एकाच प्रश्नाने होई. "आज काय जेवलात?" प्रत्येकाने मराठीत सांगायचं. बाबांचं म्हणणं, ज्याला आपलं जेवण आपल्या भाषेत सांगता आलं त्याला बाकीचं आपोआप येतं. आमच्या घरचा पंगतीचा नियम त्यांनी वर्गालाही लावला होता: पाहुणे आधी, घरचे मागून. त्यामुळे ग्वाल्हेर, भोपाळ, लखनौ सगळे विचारून झाले की अगदी शेवटी नातीचा नंबर. ती बिनदिक्कत म्हणे, "दाल-चावल, बाबाजी." बाबा हसत. मागाहून मला फोनवर सांगत, "एकदा त्या पोरीच्या तोंडून आपली भाषा ऐकली की माझा वर्ग सफल झाला बघ."

बाबांचा जुना लॅपटॉप मरणपंथाला लागला होता, म्हणून हा नवा. दिवाळीत आईने तो दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर पापड आहे." बाबांना कमी ऐकू येतं, त्यांना कानावर गच्च बसणारा वायरीचा हेडफोन लागतोच. आमच्या जाड भिंतींतून वायफाय पोचत नाही म्हणून इंटरनेटचीही वायर लागते. दोन्हींना पापडात जागा नव्हती. मग मी एक डबी आणून दिली, जी त्या एका फटीत खुपसली की तिच्या अंगावर सगळ्या वायरी लागतात. यंत्र हलकं झालं, पण त्याच्या गळ्यात लोढणं आलं. बाबा मात्र मुलीने बनवलेलं म्हणून आल्यागेल्याला दाखवत राहिले.

थंडीभर सगळं छान चाललं. पलंगावर मांडी घालून, अंगावर शाल घेऊन, मांडीवर लॅपटॉप. जानेवारीत बाबा म्हणाले, "याने मांडी शेकते, बरं वाटतं." मी फोनवर हसले.

होळीनंतर फोनवरचा सूर बदलला. मुलं नीट बोलत नाहीत, म्हणाले. विचारलं तर थांबतात, तोंड हलवतात, अर्धवट काहीतरी म्हणतात. कुणी म्हणतं आवाज अटकतोय. "ही आजकालची पळवाट आहे बेटा, मी पण दफ्तरात पुष्कळ बहाणे ऐकलेत." नात तर आता हिंदीतही उत्तर देत नव्हती. नुसती बघत राहायची.

एप्रिलमध्ये मी घरी गेले होते, तेव्हा लॅपटॉप टेबलावर ठेवून सकाळभर चालवून पाहिला. काही दोष नाही. त्याच्या आधी बाबा तो सीपरी बाजारातल्या दुकानात घेऊन गेले होते. तिथल्या भैयांनीही सांगितलं, "अंकलजी, मशीन तो फर्स्ट क्लास है, नेट स्लो होगा." नेट तपासलं, तेही ठीक. मी बाबांना म्हटलं, "यंत्र उत्तम आहे." आता वाटतं, त्या वाक्याचा अर्थ त्यांनी काय घेतला असेल ते तेव्हाच कळायला हवं होतं. यंत्र उत्तम, नेट उत्तम, मग उरलं कोण?

मे महिन्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा, भाजी काय आणली ते सांगावं तसा. "या रविवारी वर्ग बंद करतोय. माझे कान गेलेत, आणि मुलांचं मन गेलंय. कुणाला जबरदस्ती काय करायची? तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, तेवढं राहिलं."

मला ते सहन झालं नाही. वर्ग गेल्याचं दुःख होतंच, पण माझ्या बापाने इतक्या शांतपणे स्वतःला निकालात काढावं याचा राग जास्त आला. मी मिळेल त्या गाडीने निघाले. घरी कळवलं नाही. कळवलं असतं तर आईने पुरणाचा घाट घातला असता आणि दोघांनी मिळून सगळं घर हसरं करून ठेवलं असतं.

शनिवारी भर दुपारी घरी पोचले. बाहेर भाजणारी लू वाहत होती, रिक्षात बसल्याबसल्या डोळे कोरडे पडले होते. दार नुसतं लोटलेलं. आत आई जमिनीवर बसून लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती, आणि बाबा पलंगावर मांडी घालून उद्याच्या शेवटच्या वर्गाची तयारी करत होते. त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता, पण मला तो ओळखू येईना. त्याने दुलईसारखी जाडजूड, निळ्या फुलांची गवसणी घातली होती. खालून, कडेने, पाठीमागून सगळीकडून बंद. फक्त पडदा आणि कळा उघड्या, आणि डबीच्या वायरीपुरतं एक भोक.

आता आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. पुण्याच्या माझ्या मैत्रिणी कव्हर म्हणतात, आमच्याकडे हार्मोनियमपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत जे काही झाकलं जातं ते गवसणीनेच. झाशीची धूळ अशी आहे की सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं. त्यामुळे आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिचं माप घेतलं जातं. शिलाईच्या मशीनला गवसणी, मिक्सरला गवसणी, हिवाळ्यात कूलरलाही गवसणी. आणि पाहुणे येणार असले की सगळ्या गवसण्या उतरतात, धुऊन घडी घालून कपाटात जातात. वस्तू पाहुण्यांसमोर उघड्याच हव्यात, नाहीतर लोक म्हणतील यांच्याकडे आहे काय! नोकरीसाठी घर सोडल्यापासून मी पाहुण्यांत जमा झाले होते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये माझ्या येण्याच्या आदल्या दिवशी ती गवसणी उतरली होती. सीपरी बाजारच्या दुकानात नेतानाही उतरली होती. कारण दुकानात असं घरगुती ध्यान कसं न्यायचं?

मी चपलाही न काढता पलंगाशी गेले आणि गवसणीत हात घातला. तळाचा पत्रा पोळीच्या तव्यासारखा तापला होता. माझाच पत्रा.

"अगं, न सांगता?" आई उठली. तिचं पहिलं लक्ष माझ्याकडे नव्हतं, लॅपटॉपकडे होतं. "थांब, ते काढून ठेवते."

"ते कधीपासून आहे त्याच्यावर?"

"होळीपासून. यांची मांडी भाजायची. लाल व्हायची गं. म्हणून मी कापूस घालून शिवलं. आता पाहा, हात लाव, काही लागत नाही."

खरंच काही लागत नव्हतं. आईचं काम चोख होतं. गरमी बाबांच्या मांडीपर्यंत पोचत नव्हती, म्हणजे ती कुठेच पोचत नव्हती. यंत्र तापत होतं, आणि जळू नये म्हणून आम्ही ठरवून दिल्याप्रमाणे शहाण्यासारखं हळू होत होतं. तोपर्यंत वर्ग निम्म्यावर येई. मग आवाज तुटायचे, चेहरे गोठायचे. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि दोघांना समजावून सांगितलं.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी गळा दाबत होते होय त्याचा? इतके दिवस?"

"तुझी चूक नाही, आई."

"मला समजावू नकोस. आणि एक सांग. तू बनवलंस, तर ते इतकं तापतं कसं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पंखा, जाडी, वेग, वजन, सगळं मांडून दाखवता आलं असतं, आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. पण आईच्या हाताला कैरीचा चीक लागलेला होता आणि तिचे डोळे भरले होते, तेव्हा मी गवसणी उतरवायला घेतली. याचं सगळं खापर मी माझ्या डोक्यावर फोडून घेणार नाही, ती जाडी मी एकटीने कापली नव्हती. तरी त्या घरात उत्तर देण्यासारखं माणूस मीच होते.

गवसणी काढून पाहिली. थोड्याच वेळात बाबा मांडी चाळवू लागले. "भाजतंय, पण चालेल," म्हणाले. मी म्हटलं, चालणार नाही. टेबलावर ठेवून पाहिलं, तर कमरेच्या दुखण्याने त्यांना खुर्चीवर फार वेळ बसवत नाही, आणि डबी टेबलावरून लोंबकळून वायरी ओढू लागली. पाटावर ठेवून पलंगावरच घेतलं, तर त्या खोलीतल्या दुपारच्या हवेत गवसणीशिवायही ते तासाभरात मंदावलं. आमच्या प्रयोगशाळेत टेबल होतं, एसी होता, आणि मांडी नव्हती. यंत्र वाईट नव्हतं. ते या घरासाठी नव्हतं एवढंच. आम्ही जाडी कमी केली असं म्हणत होतो, पण ती नाहीशी झालीच नव्हती. थोडी डबीत गेली, थोडी आईच्या कापसात गेली, आणि उरलेली बाबांच्या मनात जाऊन बसली, की आपलंच काहीतरी संपलं.

संध्याकाळी मी सीपरी बाजारात गेले. दुकानातल्या भैयांना म्हटलं, सगळ्यात जाड आणि सगळ्यात कुरूप जो असेल तो दाखवा, फक्त आतून दमदार हवा. त्यांनी आधी पातळच काढले. मी नको म्हणत राहिले. शेवटी वरच्या फळीवरून एक काळा ठोकळा उतरवला. इंटरनेटचं तोंड आहे, हेडफोनचं आहे, पेनड्राइव्हची तीन आहेत, आणि मागच्या बाजूला पंख्याच्या रुंद जाळ्या. "मैडम, ये आजकल कोई नहीं लेता," ते म्हणाले. "आप करती क्या हैं?"

"पतले वाले बनाती हूँ," मी म्हटलं. त्यांना वाटलं थट्टा करते आहे.

घरी आणल्यावर आईने तो दोन्ही हातांनी उचलला. "हा पाट बरा आहे," म्हणाली. रात्रीच्या जेवणाआधी तिने टेप काढली. मला वाटलं आता नको म्हणावं, पण तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. "कुठे कुठे जागा सोडायची ते दाखव. काय कुठून आत येतं आणि काय कुठून बाहेर जातं, सगळं सांग." मी एकेक तोंड दाखवत गेले, ती खडूने खुणा करत गेली. या वेळी कापूस नाही, तळही नाही. फक्त धुळीपुरती वरून एक पातळ झूल, कडेला प्रत्येक वायरीसाठी काज, आणि पंख्याच्या जागी मोकळी खिडकी. काजाचे टाके ती हातानेच घालते. चष्मा नाकावर सरकवून ती टाके घालत होती, आणि मी विचार करत होते की यंत्र कुणाच्या घरी जाणार, हा प्रश्न ऑफिसात आम्ही एकमेकांना असा कधी विचारला होता का. नंतरच्या बैठकांत मी तो विचारू लागले. कधी ऐकलं जातं, बहुधा नाही. हेडफोनची जागा एकदा वाचवली, तेवढंच.

रविवारी दुपारी बाबा पलंगावर बसले. समोर पाटावर तो ठोकळा, त्याचा पंखा घूं घूं करत होता, कूलर आपला गरजत होता, आणि बाबांनी हेडफोन सरळ यंत्रातच लावला होता. आवाज आई आणि मलाही ऐकू यावा म्हणून मी दुसऱ्या भोकात छोटा स्पीकरही जोडून दिला. मुलांना शेवटचा वर्ग असल्याचं माहीत होतं. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ग्वाल्हेरने पोळी-भाजी सांगितली, भोपाळने पुलाव. लखनौच्या मुलाने "कढी पिली" म्हटलं आणि बाबांनी "प्यायलो" असं सुधारून दिलं. पंगत पुढे सरकत होती. आवाज स्वच्छ होता, चेहरे हलत होते. बाबांचा चेहरा मात्र जसजसा नंबर जवळ येत होता तसतसा आवळत होता.

"आणि आमच्या घरचं माणूस काय जेवलं?" त्यांनी विचारलं, आणि सवयीने लगेच पुढे म्हणाले, "बरं, राहू दे बाळा—"

"आजोबा, मी वरण-भात जेवली," भाची म्हणाली. "आणि भेंडीची भाजी. आणि कैरीचं ते, काय म्हणतात, पन्हं."

शेजारी बसून काज घालणाऱ्या आईची सुई थांबली. बाबांनी हेडफोनवर हात दाबून धरला.

"अगं, तू मराठीत बोललीस!"

"मी तर कधीपासून बोलते, आजोबा." तिचा आवाज जरा रुसलेला होता. "मम्माकडून शिकून यायची दर रविवारी. पण आपण दर वेळी 'बोल, बोल' म्हणता, मी बोलते, आणि मग आपण म्हणता राहू दे. मला वाटलं माझी मराठी इतकी खराब आहे की आपल्याला ऐकायची नाही."

बाबांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा घातला, तरी त्यांना दिसेना म्हणून पुन्हा काढला.

"नाही गं," ते म्हणाले. "मला ऐकूच आलं नव्हतं." मग घसा साफ करून त्यांनी वर्गातल्या बाकीच्या मुलांना थोडं थांबायला सांगितलं आणि यंत्राच्या अगदी जवळ सरकले. "आता सांग. मागच्या रविवारी काय जेवली होतीस? आणि त्याच्या मागच्या? सगळे सांग, एक पण सोडू नको."